पाटलाच्या जागी खांब

ट्रकच्या सावलीत सतरंजी टाकून मी पडलोय. डोळे मिटलेत, कान मात्र अजून जागे आहेत. पलीकडे गडी कनातीच्या मेखा ठोकतायत, ढोलकीवाला एकच बोल पुन्हा पुन्हा वाजवून बघतोय, आणि जत्रेतला पाळणा कुरकुरतोय. आमच्या तमाशाच्या फडात दुपारची झोप म्हणजे अर्धं जेवण. एरवी पाठ टेकली की मी घोरतो. आज नुसता कूस बदलतोय, कारण आज मी गुलब्या करणार आहे.

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गण झाला, गवळण झाली, की वग सुरू व्हायच्या आधी बतावणी असते. दोघांनी उभं राहायचं आणि लोकांना हसवायचं. आमच्या बतावणीत एक पाटील आणि एक त्याचा गडी, गुलब्या. पाटील मी, आकाराम वायदंडे. गुलब्या म्हणजे सर्जेराव आवळे. मिसरूड फुटल्यापासून आम्ही दोघं हेच करत आलो. गुलब्या काहीतरी इरसाल बोलणार, पाटील म्हणणार, "मग?" गुलब्या पुढचं बोलणार, पाटील पुन्हा, "मग?" आणि शेवटी हशा फुटणार तो गुलब्याच्या नावावर. दुसऱ्या दिवशी पोरंटोरं गावभर गुलब्याची नक्कल करत फिरायची. पाटलाची नक्कल कुणी केलेली मी तरी बघितली नाही. 'मग'ची काय नक्कल करणार, कप्पाळ.

गेल्या आषाढात सर्जा गेला. साखरेनं आधी त्याचा पाय नेला, मग माणूस नेला. यंदा फड पुन्हा बांधायला घेतला तेव्हा मॅनेजर म्हणाला, "नाना, गुलब्या तुमीच करा. तुमास्नी सगळं पाठ हाय. पाटील काय, कुणीबी हुभा ऱ्हाईल." ते शेवटचं मला झोंबलं, तरी मी हो म्हणालो. ज्या सोंगासाठी उभी हयात जीव जळला ते आयतं ताटात वाढून आलं होतं. नाही कशाला म्हणू?

अडलंय ते तोंडापाशी. आमच्या उस्तादांचा एक दंडक होता. आरशात बघून रंग लावायचा नाही, जोडीदारानं जोडीदाराला लावायचा. ते म्हणायचे, "आरशात बघून लावलं की माणूस सोताला देखणं करतो. दुसऱ्यानं लावलं की सोंग होतं." म्हणून गुलब्याच्या गालावरचे सफेद्याचे टिकले, नाकाच्या शेंड्यावरचं कुंकू, कपाळात चढलेली एक भुवई, हे सगळं माझ्या बोटांचं. आणि पाटलाची मिशी सर्जाच्या बोटांची. आता माझ्या तोंडाला रंग लावणार कोण? मॅनेजरनं आरसा आणून दिलाय. तो मी उशाशी पालथा घालून ठेवलाय.

मेखांचा आवाज लांब लांब जातो. पाळणा थांबतो. कुणीतरी गुडघ्यानं मला ढोसतं.

"सर की जरा. सगळी सतरंजी काय तुझ्या बापाची?"

मी सरतो. सरल्यावर ध्यानात येतं, असं गुडघ्यानं ढोसणारा एकच माणूस होता. सर्जा शेजारी पाय पसरून बसलाय. दोन्ही पाय धड आहेत. अंगात गुलब्याची बंडी, डोक्याला टोपी, आणि तोंड कोरं. मेलेल्या माणसाशी काय बोलावं ते मला सुचत नाही. जित्या सर्जाशी तरी मी कुठं बोलत होतो.

"तू मेलायस," मी म्हणतो.

"व्हय."

"मग?"

निघतंच ते तोंडातून. सर्जाचे डोळे बारीक होतात, हसायच्या आधी व्हायचे तसे.

"हां. आत्ता कसं. मग काय, गेलो वर. पर तिथं कोण वळखंना मला. म्हणलं, मी गुलब्या. तर म्हणत्यात, कशावरनं? आका, तुमी लोकांनी मला नुसत्या तोंडानं धाडलासा. गुलाल टाकला आणि उचलला. रंग कुठं लावलास?"

"मला कोण लाव म्हणलं न्हाई."

"तुला सांगाय लागतंय व्हय?"

मी खाली बघतो. सतरंजीचा दोरा सुटलाय, तो बोटाला गुंडाळत बसतो. त्या दिवशी त्याच्या दारात मी माणसांच्या मागं उभा होतो. त्याचं तोंड मला लांबूनच दिसलं, आणि ते मला ओळखीचं वाटलं नाही. हे मी त्याला सांगत नाही.

"मग लाव आता," सर्जा म्हणतो आणि डोळे मिटून तोंड पुढं करतो. "कर माझं तोंड."

"ते तोंड आज माझं हाय."

तो डोळे उघडतो. "तुझं?"

"मी गुलब्या करणार. मॅनेजरनं सांगितलंय."

"आस्सं," सर्जा म्हणतो. "तोंड एक आणि धनी दोन."

आम्ही मिरजेच्या एसटी स्टँडवर बसलोय. बाक तोच, आम्ही जत्रेहून परतताना ज्याच्यावर पेंगत बसायचो तो. पण गाड्यांना गावांच्या पाट्या नाहीत. प्रत्येक गाडीच्या कपाळावर आमचा बोर्ड लटकतोय, तोच गोल बोर्ड. त्या बोर्डाचं सांगायला पाहिजे. आधी त्याच्यावर आवळे-वायदंडे असं होतं, म्हणून मी रुसलो. मग वायदंडे-आवळे केलं, तर सर्जानं जेवण सोडलं. वैतागून मॅनेजरनं पेंटरकडनं दोन्ही नावं गोलात लिहून घेतली. म्हणाला, आता कोण पहिला न्हाई आणि कोण दुसरा न्हाई, गप पडा. पण गोल बोर्डालाही टांगायला खिळा लागतो, आणि खिळ्याखाली कुणाचं तरी नाव येतंच. येता-जाता मी तो बोर्ड हळूच फिरवून ठेवायचो. परत येईपर्यंत सर्जाचं नाव वर आलेलं असायचं.

इथं गाड्यांवरचे बोर्ड आपोआप फिरतायत. भोंग्यातली बाई नावं पुकारतेय, आवळे वायदंडे आवळे वायदंडे, दम न घेता, आणि गाठोडी घेतलेली माणसं नुसती उभी आहेत. कुठल्या गाडीत चढायचं कुणाला कळत नाही. सर्जा मात्र निवांत शेंगा सोलतोय. टरफलं माझ्या बाजूला टाकतोय, नेहमीसारखीच.

मी म्हणतो, "सर्जा, तू मला खांब का म्हणलास?"

जिता होता तोवर हे विचारायला माझी जीभ कधी उचलली नाही. झालं होतं असं की, केबलवाले मुलाखत घ्यायला आले होते. मी कनातीमागं सर्जासाठी रंग कालवत होतो. केबलवाल्यानं विचारलं, बतावणीत पाटलाचं काम काय असतं? सर्जा म्हणाला, "त्येचं काय, पाटलाच्या जागी खांब हुभा केला तरी चालतंय." सगळे खदखदून हसले. हशा दिसला की हा गडी झडप घालणार, मग तो कुणाच्या जिवावर का असेना. मी रंगाची वाटी घेऊन बाहेर आलो, त्याच्या तोंडाला रंग लावला, आणि त्या दिवसापासून स्टेजच्या बाहेर त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तोही बोलला नाही. माफी मागेल तर तो सर्जा कसला.

तरी रंग लावायचं काही चुकलं नाही. रोज संध्याकाळी समोरासमोर मांडी घालून बसायचं. त्याचा श्वास माझ्या मनगटावर, माझा त्याच्या, आणि तोंडं शिवल्यासारखी बंद. स्टेजवर मी गुलब्याला लाथ घालायचो ती खरीच बसायची. त्याचे टोमणेही खरेच असायचे. लोक म्हणायचे, जोडी काय रंगात आलीय. वर्षानुवर्षं म्हणत राहिले.

सर्जा शेंग फोडतो, दाणा तोंडात टाकतो. "म्हणलो आसंल. लोकं हसली का?"

"हसली."

"मग झालं की."

मला राग येतो. झोपेतसुद्धा येतो, मेलेल्या माणसाचासुद्धा येतो. वाटतं, उठावं आणि त्याच्या हातातल्या शेंगा उधळून द्याव्यात. मी उठतो, आणि माझ्या गळ्याभोवती कुणीतरी पांढरं फडकं बांधलेलं असतं.

सलूनची खुर्ची आहे. कुठल्या गावचं सलून ते कळत नाही, साबणाचा वास मात्र ओळखीचा. समोर आरशांच्या नुसत्या चौकटी आहेत, काच कुठंच नाही. चौकटीतून पलीकडे माणसं दिसतात, ओळीनं बसलेली, पटक्यांची, पदरांची, खांद्यावर पोरं घेतलेली. सगळी पाठमोरी. आमच्या पायाखाली फळ्या वाजतात. ते स्टेज आहे.

"माणसं उलटी का बसलीत?"

"हसवलंस तर वळतील," सर्जा म्हणतो. "तुला गुलब्या करायचाय नव्हं? कर की. मी हुभा ऱ्हातो पाटलाच्या जागी."

तो खरंच जाऊन उभा राहतो. उजव्या हाताला, स्टेजच्या कडेपासून दोन पावलं आत, माझ्या जागेवर. आणि मी त्याच्या जागेवर येतो. इथून सगळं वेगळंच दिसतं, कनात मोठी वाटते. हीच जागा मी आयुष्यभर डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत आलो.

मी बैलाची बतावणी धरतो. आमची हुकमी. त्यात गुलब्या म्हणतो, मालक, बैल म्हणतोय मी दमलोय. पाटील म्हणतो, मग? गुलब्या म्हणतो, मी म्हणलं, पाटलाला कोण सांगणार, तूच चल. मग? मग आलाय, भाईर हुभा हाय. त्याला आत घेऊ, का तुमीच जाताय गोठ्यात? इथं माणसं एकमेकांच्या अंगावर पडायची.

"मालक," मी म्हणतो, "बैल म्हणतोय मी दमलोय."

आणि थांबतो. सर्जा बोलत नाही. मी त्याच्याकडं बघतो. तो समोर बघतोय, हात मागं बांधून, अगदी माझ्यासारखा. मी वाट बघतो. पुढचं वाक्य मला पाठ आहे, झोपेत म्हणेन इतकं पाठ आहे, पण ते उचललंच जात नाही. त्याच्याखाली कुणीतरी हात घालावा लागतो, आणि तो हात नाही.

तरी मी रेटतो. "मी म्हणलं, पाटलाला कोण सांगणार, तूच चल." शांत. एक पाठ हलत नाही. "मग आलाय, भाईर हुभा हाय." माझा आवाज मलाच परका वाटतो. शेवटचं वाक्य मी कसंबसं टाकतो आणि ते फळ्यांवर तसंच पडून राहतं. कुठंतरी एक पोर खोकतं.

"म्हण की," मी सर्जाला म्हणतो. "नुसतं 'मग' म्हणायला काय जातंय तुझं?"

"खांब बोलतोय व्हय?" सर्जा म्हणतो.

मी त्याच्याकडं बघत राहतो. त्याच्या कोऱ्या तोंडावर चेष्टा नाही. तो पुढं येतो आणि स्टेजच्या कडेला पाय सोडून बसतो. मी शेजारी बसतो. खाली त्या सगळ्या पाठी.

"तुला कावीळ झालती," तो म्हणतो. "त्या केबलवाल्याच्या पुढच्या साली. तू घरी पडून."

"मग?"

"मॅनेजर म्हणला, बतावणी रद्द करू. मी म्हणलं, कशापायी? आकाशिवाय करून दावतो. मांडवाचा एक खांब आणला, स्टेजवर हुभा केला. तुझ्या पेटीतला फेटा काढून त्येला बांधला. काजळानं मिशी काढली."

"खऱ्या खांबाला?"

"खऱ्या खांबाला. म्हणलो हुतो नव्हं तोंडानं, मग करून दावाय नको?"

"मग?"

"मग बैलाचं बोललो. खांबाकडं बघितलं. परत बोललो. समदी माणसं माझ्याकडं बघत्यात आणि कोण हसंना, आका. मी खांबाला लाथ घातली, माझाच पाय मोडायची पाळी आली, तरी कोण हसंना. एक म्हातारी पदर झाडत उठली, तिच्यामागनं ओळच्या ओळ उठली." तो नखानं फळीवरचा रंग खरवडतो. "आत आलो. फेटा सोडला, घडी घातली, तुझ्या पेटीत ठेवला. समद्या फडाला शपथ घातली, आकाला कुणी सांगायचं न्हाई."

"का?"

"सांगितलं आसतं तर तू बोर्डावर तुझं नाव वर मागितलं आसतंस."

"ते मी तसंबी फिरवत हुतो."

"ठावं हाय. मीबी फिरवत हुतो."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागतं. मला ते थांबवता येत नाही आणि थांबवायचंही नाही. एवढी वर्षं मी स्वतःला खांब समजून जगलो. स्टेजवर उभा राहिलो की वाटायचं, आपण इथं नसतो तरी चाललं असतं. आणि ह्या बहाद्दरानं खरं काय ते फेट्याच्या घडीत घालून माझ्याच पेटीत ठेवलं, आणि मरून गेला. एक वाक्य. एका वाक्याचं काम होतं. रंग लावताना, तोंडाशी तोंड असताना, कधीही म्हणता आलं असतं त्याला. मलाही विचारता आलं असतं.

"लई नालायक हायस तू," मी म्हणतो.

"हाय खरा," सर्जा म्हणतो. "आता लाव की रंग. तिकडं वाट बघत्यात."

रंगाची वाटी माझ्या हातात आहे. केव्हा आली कळलं नाही. आम्ही मांडी घालून समोरासमोर बसलोय, कनातीमागं, रोजच्या जागेवर. मला ठाऊक आहे, हे तोंड मी त्याला दिलं तर संध्याकाळी माझ्याकडं काही उरणार नाही. आणि हेही ठाऊक आहे की मघाशी तिथं उभं राहून मी ते तोंड काय मिरवलं ते. सर्जा डोळे मिटून बसलाय. पापण्या हलतायत, गार बोट लागेल म्हणून. नेहमीच हलायच्या.

मी बोट बुडवतो. उजवा गाल, डावा गाल. आठवावं लागत नाही, हात चालत राहतो. नाकाच्या शेंड्यावर कुंकू. भुवई चढवताना तो कपाळाला आठ्या घालतो, मी अंगठ्यानं त्या सरळ करतो. मनगटावर त्याचा श्वास लागत नाही. मी मुद्दाम सावकाश करतो. शेवटी टोपी वाकडी बसवतो, आणि समोर गुलब्या.

"झालं," मी म्हणतो.

"थांब. तुझी ऱ्हायली."

तो काजळात बोट घालतो. मी हनुवटी वर करतो. तो माझ्या ओठावरून बोट ओढतो, आधी उजवीकडं, मग डावीकडं. डावं टोक तो कायम वर न्यायचा. पाटील वाकडाच पाहिजे, म्हणायचा. सुरुवातीला मी ह्यावरून भांडायचो. आता मी हलत नाही. त्याला सांगायचं होतं, तुझ्या घरी आलो होतो रे, मागं उभा होतो. सांगायचं होतं, तुझ्याशिवाय मला काही जमत नाही. मी तोंड उघडतो आणि त्यातून एकच शब्द येतो.

"मग?"

"मग काय," सर्जा म्हणतो, "संपलं."

"नाना. ओ नाना. उठा, उन्हं कलली."

मॅनेजर माझा खांदा हलवतोय. सावली सरकून गेलीय, सतरंजी तापलीय, पाळणा पुन्हा कुरकुरतोय. मी उठून बसतो. मॅनेजर वाकून माझ्या तोंडाकडं बघतो, मग आणखी जवळ येऊन बघतो.

"हे काय केलंसा? तुमी गुलब्या नव्हं आज? मिशी कुणी काढली ही?"

उशाशी पालथा घातलेला आरसा मी सुलटा करतो. उभ्या हयातीत मी रंगाचं तोंड आरशात बघितलं नव्हतं. आरशात पाटील आहे. पिकल्या दाढीवर काळी कुळकुळीत मिशी, डावं टोक वर गेलेलं. मी माझी बोटं बघतो. दहाही स्वच्छ आहेत.

"मॅनेजर," मी म्हणतो, "मला कावीळ झालती त्या साली सर्जानं बतावणी कशी केली?"

मॅनेजर मटकन सतरंजीवर बसतो. ढोलकीवाल्यानं बोल बदललाय तेवढं ऐकू येतं.

"तुमास्नी कुणी सांगितलं?" तो म्हणतो. "शपथ घातलीती त्यानं समद्यांस्नी."

मी म्हणतो, "आज मी पाटीलच करणार."

"आणि गुलब्या?"

"मांडवाचा एक खांब आणा. हुभा करा स्टेजवर. सर्जाची टोपी घाला त्येला, जरा वाकडी."

"नाना, लोकं हसायची न्हाईत."

"न्हाईच हसणार," मी म्हणतो. "त्येच बघाय पायजे मला."

तो माझ्याकडं बघतो, मग उठतो आणि गड्यांना हाक मारत कनातीकडं जातो. मी आरसा पुन्हा पालथा घालतो. मग मिशीच्या डाव्या टोकाला हळूच बोट लावतो. काजळ अजून ओलं आहे.